गॅरेजवर ‘छोटू’ दिसला तर नक्की काय करायचं

सुरुवात माझ्याच गाढवपणापासून करते. तीनेक वर्षांपूर्वी धायरीकडे एका गॅरेजमध्ये गाडी टाकायला गेले होते, रस्त्याला लागून पत्र्याची शेड, आपल्याकडे असतात तसंच, आणि तिथे एक पोरगा पेट्रोलच्या डब्यात हात घालून चेन धूत बसलेला. अकरा-बारा वर्षांचा असेल. उजव्या अंगठ्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, वायरला लावतात ती. मी विचारलं काय झालं रे, तर म्हणे "काय नाय ताई, पाना सटकला", आणि टेपसकट अंगठा परत पेट्रोलमध्ये. मला एकदम भरून आलं, मी पटकन फोटो काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली दुकानाचं नावसुद्धा लिहिलं. रडक्या इमोजींचा पाऊस पडला. कोणीतरी तो फॉरवर्ड केला, फिरत फिरत तो गॅरेजवाल्याकडेच पोचला, आणि दोन दिवसांनी गाडी आणायला गेले तर पोरगा गायब. "गावाला गेला." कुठल्या? "त्याच्या." बास. त्याचं पुढे काय झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग मी जरा शहाणी झाले, कायदा वाचला, या मुलांबरोबर काम करणाऱ्या लोकांना भेटले, पुढे एका दुसऱ्या पोराच्या वेळी सगळं रीतसर केलं. तर ते रीतसर म्हणजे काय ते लिहितेय.

पहिलं बघायचं ते वय, कारण अर्धा कायदा तिथेच ठरतो. १४ च्या आतलं मूल कामाला ठेवताच येत नाही, टपरीवर नाही, घरकामाला नाही, कुठेच नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात आधी फक्त ठराविक धंद्यांवर बंदी होती, २०१६ च्या दुरुस्तीने ती सरसकट झाली. १४ ते १८ मधल्यांना काम करता येतं पण धोक्याचं नाही, म्हणजे खाणी, स्फोटक आणि पेट घेणारा माल, आणि कायद्याच्या यादीतल्या प्रक्रिया. या यादीत इलेक्ट्रोप्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणं) आहे, धातूचं ग्राइंडिंग आहे, बॅटऱ्या बनवणं आणि दुरुस्त करणं आहे. फटाके पण आहेत, नुसते बनवणं नाही, विकणं सुद्धा, त्यामुळे दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलवर जो सोळा वर्षांचा पोरगा आपल्याला पिशवी भरून देतो तोही यात आला. आणि काम धोक्याचं नसलं तरी १८ च्या आतल्याला संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामावर ठेवता येत नाही, सलग तीन तासांनंतर तासभर सुट्टी द्यावी लागते, सगळं मिळून दिवसाचे सहा तास. रात्री अकरा वाजता भुर्जीच्या गाडीवर ताटल्या विसळणारा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणूनच बेकायदेशीर आहे, भले त्याला कोणी मारत नसेल.

आता "भाचा आहे" ही पळवाट. पुण्यातल्या टपरी-गॅरेजवाल्यांच्या बहिणींना किती मुलं आहेत देव जाणे, जिथे विचारावं तिथे भाचाच असतो. गंमत म्हणजे कायद्यात खरंच अशी सूट आहे की मुलाने घरच्या धंद्यात मदत केली तर चालतं, आणि घर म्हणजे आईवडील, भावंडं, शिवाय काका-आत्या, मामा-मावशी पण धरलेत. म्हणजे मामा आहे म्हणणारा खोटंच बोलतोय असं नाही. पण ती मदत शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, काम धोक्याचं नको, शाळेच्या वेळात नको आणि संध्याकाळी ७ नंतर सकाळी ८ पर्यंत नको. त्यामुळे मामा खरा का खोटा यात पडूच नका, मंगळवारी सकाळी अकराला पोरगा चेन धुतोय ना, मग भाचा असला काय नि पुतण्या असला काय.

दुसरं, काम काय चाललंय ते नीट बघायचं. आपण "बिचारा" म्हणतो आणि तिथेच थांबतो, पण बिचारा लिहून तक्रार होत नाही. हातात काय आहे, अंगावर काय उडतंय, वास कसला येतोय हे सांगता आलं पाहिजे. आणि ते बघायचं तर त्याचं शरीरावर काय होतं हे माहीत हवं, म्हणून इथे जरा थांबते.

मोठ्या माणसासाठी जे धोक्याचं ते मुलासाठी थोडं जास्त धोक्याचं, असं आपल्याला वाटतं, पण हिशोब तसा नसतोच. मूल वजनाच्या मानाने जास्त श्वास घेतं, म्हणून त्याच शेडमध्ये, त्याच धुरात उस्तादापेक्षा त्या पोराच्या शरीरात जास्त जातं. पेट्रोलने हात धुतले की ग्रीस मस्त निघतं, पण कातडीचं तेल पण निघतं, भेगा पडतात, आणि पेट्रोलमध्ये बेंझीन असतं ज्याच्यामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. बॅटरीच्या दुकानात शिसं असतं. पोटात गेलेलं शिसं मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट जास्त शोषून घेतं, आणि ते थेट मेंदूवर जातं, लक्ष लागत नाही, पाठ होत नाही, चिडचिड होते, आणि हे नुकसान नंतर भरून निघत नाही. मग हाच पोरगा शाळेत घातला तर बाई म्हणतात डोकंच नाही त्याला. प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये क्रोमियमच्या आम्लाची वाफ असते, तिने नाकाच्या आतल्या पडद्याला जखमा होतात, भोकसुद्धा पडतं. बफिंगला, म्हणजे धातू घासून चकचकीत करायला, बसलेल्याच्या पापण्यांवर करडी पूड दिसते, जेवढी पापणीवर दिसते त्याच्या किती पट छातीत गेली असेल विचार करा. ग्राइंडरच्या आवाजाने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहणाऱ्या पोरांची हाडं अजून वाढायची असतात, त्या वयात मणक्यावर रोज ओझं पडलं की पाठ कायमची धरते.

आणि एक साधी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. हातमोजे, गॉगल, मास्क, सगळं मोठ्यांच्या मापाचं असतं. पाना पण मोठ्या हाताचा. म्हणून तो सटकतो.

जगात आजही १३.८ कोटी मुलं मजुरी करतात असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफचा २०२४ चा अंदाज आहे, त्यातली ५.४ कोटी धोक्याच्या कामात. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची कोटीभर मुलं काम करताना सापडली. घरात भावंडं सांभाळत बसलेली मुलगी या आकड्यात येतच नाही हा माझा जुना राग आहे, पण तो विषय वेगळा.

बरं, आता पोराशी बोलायचं. पोलिसासारखं नाही. गाडी व्हायला वेळ लागणारच असतो, चहा मागवा, एक त्याला पण द्या, आणि उस्ताद आत गेला की सहज विचारा कितवीत आहेस, शाळा कुठली, वर्गाच्या बाई कोण. खरंच शाळेत जाणारा पोरगा बाईंचं नाव पटकन सांगतो, आणि बहुतेक एखादी तक्रार पण सांगतो. न जाणारा इकडे तिकडे बघतो. मग घरी कोण असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोपतोस कुठे. "इथेच, वर" असं उत्तर आलं तर प्रकरण वेगळं आहे, कारण म्हणजे आईबाप इथे नाहीत, कोणीतरी आणून सोडलंय, आणि त्याला उद्या उचलून तिसरीकडे नेणं पाच मिनिटांचं काम आहे. पगार हातात मिळतो का घरी पाठवतात, तेही जमलं तर विचारा. याच्यापुढे खोदू नका. "मी तुला सोडवते" असलं काही बोलू नका, तो उस्तादाला सांगणार, त्याला तिथेच राहायचंय रात्री.

फोटोबद्दल माझं उदाहरण वर आहेच. त्यात पोराचं तोंड स्वच्छ दिसत होतं, आणि बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, अशा मुलाची ओळख कुठल्याही माध्यमात उघड करायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे गॅरेजवाल्याआधी माझीच वरात निघाली असती. फोटो काढायचाच तर दुकानाच्या पाटीचा, लांबून. त्यापेक्षा रिक्षात बसल्यावर फोनच्या नोट्समध्ये लिहा. दुकानाचं नाव, जवळची खूण (पुण्यात पत्ता म्हणजे खूणच, "मारुतीच्या देवळासमोर" लिहिलंत तर निदान कुठला मारुती ते लिहा), तारीख, वार, वेळ, किती मुलं, अंदाजे वय, काय काम, झोपायला तिथेच का. शक्य असेल तर दोन वेगळ्या दिवशी बघून लिहा, एकाच दिवशी दिसला की "आज सुट्टी होती म्हणून आला होता" हे उत्तर तयार असतं.

मग फोन. १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. मार, जखम, कोंडून ठेवलंय असं काही असेल तर थेट ११२. १०९८ वर तुमचं नाव नाही सांगितलं तरी चालतं, पण फोननंबर राहू द्या कारण टीमला जागा सापडत नाही तेव्हा परत फोन येतो. काय बोलायचं ते आधी ठरवा. "एक बिचारा मुलगा आहे हो" अशी सुरुवात केली की पाच मिनिटं तिथेच जातात. असं सांगा: मुलगा आहे, अंदाजे बारा वर्षांचा, अमुक ठिकाणी गॅरेजवर काम करतो, सोमवारी आणि गुरुवारी सकाळी अकराला बघितला, पेट्रोलने पार्ट धुतो, अंगठ्याला जखम आहे, रात्री तिथेच झोपतो. एवढं पुरे. याशिवाय केंद्र सरकारचं ‘पेन्सिल’ नावाचं पोर्टल आहे, २०१७ चं, तिथे ऑनलाइन तक्रार जाते, आणि कामगार आयुक्त कार्यालयात लेखी देता येतं. लेखी दिलंत तर पोच घ्या, शिक्का मारलेली. सरकारी ऑफिसात पोच हाच देव आहे.

लगेच दुपारी धाड पडेल ही अपेक्षा ठेवू नका. कामगार खात्याचा माणूस, पोलिस, संस्थेचे लोक सगळे एकत्र जमावे लागतात. तोपर्यंत तुम्ही त्या दुकानासमोरून दिवसातून चार चकरा मारू नका, आणि ग्रुपवर तर अजिबात नाही!

मुलाला बाहेर काढल्यावर २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर नेतात. इथे वयाचा वाद निघतो, मालक म्हणतो अठरा पूर्ण आहेत, दिसायलाच लहान आहे. त्याचा क्रम ठरलेला आहे, आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्डावरची तारीख वयाचा पक्का पुरावा नाही. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटची वाट बघावी लागत नाही. मुलाला बांधून ठेवलं असेल किंवा त्याची कमाई अडवली असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७९ वेगळं, पाच वर्षांपर्यंत. आईबापांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, हे त्यांना कोणीतरी नीट सांगायला हवं कारण ते भेदरलेले असतात आणि भेदरलेला माणूस खोटं बोलतो.

बहुतेक लोक इथे येऊन थांबतात, सुटका झाली, पेपरात चार ओळी आल्या, संपलं. खरं काम याच्यापुढे आहे. पोरगा तिथे मुळात कशामुळे आला हे कळलं नाही तर तो तीन महिन्यांत दुसऱ्या दुकानात दिसणार, फक्त आता मालक हुशार झालेला असणार आणि पोराला आतल्या खोलीत बसवणार.

आणि "गरिबी" हे उत्तर नाही, म्हणजे आहे, पण त्याने काहीच करता येत नाही. गरिबीच्या आत काय आहे ते बघावं लागतं. सगळ्यात मोठी भानगड उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे. दौंड, इंदापूर, बारामती, शिरूरकडे ऊसतोडीला बीड, अहिल्यानगरकडून जोडपी येतात, नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून सीझनच्या आधीच उचल घेतलेली, दिवाळीच्या आसपास निघायचं ते थेट उन्हाळ्यापर्यंत. मुलांना मागे ठेवायला कोणी नाही म्हणून ती पण कोपीवर (फडाजवळची झोपडी), मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, दहा-बारा वर्षांचा मुलगा वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत. वीटभट्टीवर हेच, फक्त उसाच्या जागी माती. अशा कर्जापोटी कोणाला राबवून घेणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने बंद आहे आणि ते कर्जच कायद्याने रद्द होतं. हे माहीत असलेला एकही माणूस मला भट्टीवर भेटला नाही.

दुसरं कारण शाळाच. बाप बांधकामावर, आज वाकड, सहा महिन्यांनी वाघोली, मग मोशी. प्रत्येक वेळी शाळा सुटते, दाखला मागे राहतो, नवीन शाळेत कोणीतरी "टीसी आणा" म्हणून परत पाठवतं आणि विषय तिथेच मिटतो. तर ऐका, शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, ६ ते १४ च्या मुलाला दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आणि त्याला पहिलीत बसवायचं नाही, वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं, हे पण कायद्यात आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते गावातल्या शाळेतून निघायच्या आधी घ्यायचं आणि जिथे जाऊ तिथल्या शाळेत दाखवायचं. बारा वर्षांच्या पोराला सात वर्षांच्यांबरोबर बसवलं की तो दुसऱ्या दिवशी पळणार, मी पण पळाले असते.

तिसरं, घरातला कमावता माणूस पडला. अपघात, दारू, आजारपण, हॉस्पिटलचं बिल. इथे बालसंगोपन योजना बघा, एक पालक गेलेल्या किंवा आजारपणामुळे हतबल झालेल्या घरातल्या मुलासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात, अर्ज महिला व बालविकासच्या जिल्हा ऑफिसात. गॅरेजवाला पोराला चार हजार देत असेल तर २२५० कमीच आहेत, हे मला कळतं, पण जोडीला शाळेतलं एक वेळचं जेवण आणि आईचं रेशन कार्ड चालू करून दिलं तर गणित जवळपास बसतं. अजून एक, मूल स्वस्तात मिळतं तोपर्यंत मालक मोठ्या माणसाला पूर्ण पगार का देईल? पोराला चार हजारांत ठेवलं म्हणूनच त्याच वस्तीतला एखादा बाप घरी बसलाय.

आणि पोरगा चौदा-पंधराचा असेल, त्याला खरंच मेकॅनिक व्हायचं असेल तर त्याला बाबापुता करून बालभारती हातात देऊन उपयोग नाही. रात्रशाळा आहेत शहरात, दहावी झाली की औंधच्या आयटीआयसारखे पर्याय आहेत, अप्रेंटिस कायद्याने १४ नंतर शिकाऊ म्हणून घेता येतं, धोक्याच्या धंद्यात मात्र १८. तीच कला, पण कागदावर, ठरलेल्या तासांत, हातात सर्टिफिकेट.

जाता जाता आपल्या सोसायट्यांबद्दल, कारण गॅरेजवाल्यावर बोट ठेवणं सोपं आहे. "बाळाला नुसती खेळवते हो" म्हणून गावाहून आणलेली अकरा वर्षांची मुलगी हा गुन्हा आहे, घरकाम आणि हॉटेल-ढाब्यांवरची बंदी तर १० ऑक्टोबर २००६ पासूनची. फ्लॅटचं काम काढलंत तर कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घ्या की १८ च्या आतलं कोणी नको, आणि टाइल कापणाऱ्याच्या शेजारी पाणी धरून कोण बसलंय ते एकदा जाऊन बघा. मोठ्या साइटवर कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. बुकिंगच्या वेळी स्विमिंग पूल विचारतो तसं हे पण विचारायला काही हरकत नाही, सेल्सवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

तो दुसरा पोरगा, ज्याच्या वेळी मी फोन केला, तो आता महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे. रविवारी अजून एका पंक्चरवाल्याकडे जाऊन बसतो, आईच म्हणाली, मी काही बोलले नाही. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं होतं की ताई त्याचा पगार आता कोण देणार, आणि माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, बालसंगोपनचा अर्ज मंजूर व्हायला पुढे बरेच महिने गेले, मधे दोनदा तो शाळेतून पळाला. म्हणून फोन करून झालं असं समजू नका. पोरं गळतात ती दोन वेळा, जूनमध्ये वह्या-पुस्तकं-गणवेशाचा खर्च येतो तेव्हा, आणि दिवाळीनंतर, सुट्टीत कामाला गेलेलं पोर परत येत नाही तेव्हा. मी मोबाईलवर दोन रिमाइंडर लावलेत, एक जूनच्या शेवटच्या आठवड्यातला आणि एक दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते त्या सोमवारचा. फोन लावायचा आणि बाईंना एवढंच विचारायचं, आज आलाय का.